साहेबांची परवानगी

"काका, साहेबांचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?"

नकाशाच्या, म्हणजे विमानातल्या माझ्या जुन्या जोडीदाराच्या, मुलीचा हा फोन आला तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात उंच खुर्चीवर बसलो होतो. नाकावर ती जड लोखंडी चौकट होती, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवत दुकानातली मुलगी विचारत होती, "हे स्पष्ट की हे?", आणि मी दर वेळी ठासून उत्तर देत होतो. खालची ओळ मला दिसत नव्हती. पण उभा जन्म ज्याने आकाशात काढला त्याने एका पोरसवदा मुलीपुढे तसं कबूल करावं, हे मला मंजूर नव्हतं. म्हणून शेवटची अक्षरं मी अंदाजाने, पण चांगल्या खणखणीत आवाजात वाचून टाकली होती. "कोणते साहेब?" मी फोनवर विचारलं, आणि तिने चक्क पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, हुद्द्यासकट. ते नाव मी इथे सांगत नाही. जुनी सवय म्हणा. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते एवढं सरळ, टेलिफोनवर, भर दुपारी ऐकलं आणि समोरची मोठी अक्षरंसुद्धा क्षणभर वाचता येईनात.

"बाबा सकाळी न्हाणीघरात पडले," ती सांगत होती. "खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन आजच व्हायला हवं, या वयात पडून राहिलं की छाती भरते. पण ते कुणाला सुई लावू देत नाहीत, काका. भुलीच्या डॉक्टरांचा हात असा पिरगाळला की ते बिचारे अजून मनगट चोळताहेत. एकच धरून बसलेत, साहेबांची परवानगी आणा. मी तुमच्या त्या निवृत्तांच्या संघटनेत फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, या नावाचे कुणी अधिकारी कधी नव्हतेच. काय एकेक माणसं असतात! नीट बघायचे कष्टसुद्धा नकोत."

"मी येतो," मी म्हणालो.

"पण साहेब?"

"साहेबांचं मी बघतो. तू फक्त तोवर त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"मोठे डॉक्टर म्हणताहेत, संध्याकाळपर्यंत नाहीच ऐकलं तर हात बांधून..."

"बांधायचे नाहीत!" मी असा ओरडलो की भिंगांची पेटी धरलेली मुलगी दोन पावलं मागे सरली. तिला मी हसून म्हणालो, बाळ, तुझं काही चुकलेलं नाही, चष्मा उद्या बघू. चौकट काढली, छत्री घेतली आणि निघालो. काळजी वाटत होती, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर मनातून मी निर्धास्त होतो. नकाशाला मी ओळखत होतो आणि साहेबांनाही. अडचण एवढीच होती की साहेब नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता.

साहेबांना मी घडवलं. हॉस्पिटल दोन चौक पलीकडे होतं, रस्त्यात खोदकाम चाललं होतं म्हणून गाडी मिळण्यापेक्षा चालणंच बरं होतं, आणि चालता चालता मला शत्रूच्या कैदेतली ती खोली आठवत गेली: टेबल, टेबलावर काहीच नाही, आणि पलीकडे चौकशी करणारा त्यांचा अधिकारी, ज्याला मी चष्मेवाला म्हणायचो. आमचं विमान दोन माणसांचं. पुढे मी, वैमानिक. मागे नकाशा, म्हणजे माझा नॅव्हिगेटर, मांडीवर नकाशे पसरून मला वाट सांगणारा. डाव्या पंखाला गोळा लागला आणि विमान हातातून गेलं तेव्हा मी 'उडी' म्हणालो, आणि आम्ही दोघे सीटसकट बाहेर फेकले गेलो. मी एका शेतात पडलो, तो कुठेतरी खडकावर. डोळे बांधून आम्हाला वेगवेगळं आणलं, आणि तो जिवंत आहे की नाही हेही मला पुष्कळ दिवस कळलं नाही. चष्मेवाला मारकुटा नव्हता. मारणारे वेगळे होते. ते मारून गेले की हा यायचा, साबणाचा वास घेऊन, खुर्ची ओढून, आणि एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारायचा: तुमचा कमांडर कोण? तुम्ही उडालात कुठून? आणखी किती विमानं आहेत तिथे? आम्हाला शिकवलेलं होतं की नाव, हुद्दा आणि क्रमांक, याच्या पुढे जायचं नाही. शिकवणाऱ्याने ते पंख्याखाली बसून शिकवलं होतं. झोपू न दिलेल्या माणसाची जीभ किती सुटते हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला जाणवलं की आता मी बोलणार. बोलणं थांबवता येणार नाही हे एकदा कळलं, तसं मी ठरवून टाकलं की मग भरपूर बोलायचं. आणि मी साहेबांबद्दल बोलायला लागलो.

नाक त्यांना मी माझ्या वडलांचं दिलं, गरुडासारखं नाही, बटाट्यासारखं. आवाज दिला शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचा. ते वर्गात शिरायच्या आधी त्यांचं खाकरणं शिरायचं. स्वभाव मात्र मी नीट विचार करून दिला: साहेब महासंशयी. हाताखालच्या कुणाला काडीची गोष्ट सांगायचे नाहीत. उडायच्या आधी पाच मिनिटं बोलवायचे, जायचं कुठे तेवढं सांगायचे आणि बाकी कागद स्वतःच्या कपाटात कोंडायचे. त्यामुळे चष्मेवाल्याने काहीही विचारलं की माझं उत्तर तयार असे: ते साहेबांनाच ठाऊक. आम्हाला विचारलंत तर आम्ही नुसते गाडीवान. चष्मेवाला हळहळायचा सुद्धा. एकदा म्हणाला, अशा माणसाच्या हाताखाली तुम्ही काढलेत कसे दिवस? आणि मी, ओठ सुजलेले असताना, मनापासून म्हणालो, अहो, सवय होते. त्या दिवशी कोठडीत परतल्यावर मी भिंतीशी तोंड करून हसलो. किती दिवसांनी हसलो होतो! त्या हसण्याने मी वाचलो असं मला आजही वाटतं.

मग एकदा पलीकडच्या कोठडीतून नकाशाचं शिंकणं ऐकू आलं. तो लागोपाठ तीन शिंकतो आणि चौथीसाठी तोंड वासून थांबतो, ती येत नाही. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिलो. दोन्ही कोठड्यांच्या मोऱ्या एकाच नाल्यात जात होत्या. फरशीवर आडवं पडून मोरीच्या भोकाला तोंड लावलं की हळू बोललेलं पलीकडे जायचं. वास असा की जीव जावा. पण त्या भोकाइतकं प्रेम मी नंतर कुठल्याही टेलिफोनवर केलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्याला साहेब शिकवले, कारण दोघांचं खोटं जुळलं नाही तर दोघांची कातडी लोळवली जाणार होती. नकाशा मुळात काटेकोर माणूस. त्याने साहेबांची उजळणी केली आणि म्हणाला, "माणूस अपुरा आहे. याला बायको हवी." मग बाई आल्या. साहेब जगाला धाकात ठेवायचे आणि बाई साहेबांना. साहेबांचा गुडघा धरायचा तोही त्याचाच. साहेबांना गाता येत नाही आणि तरी ते गातात, हेही त्याचंच. रोज थोडे थोडे साहेब वाढत गेले. चष्मेवाल्यासाठी लागत होते त्याहून कितीतरी जास्त वाढले, आणि आम्हाला थांबवेना. "आज साहेब काय म्हणाले असते?" असं विचारायचं आणि पलीकडून आलेलं उत्तर ऐकून हाताने तोंड दाबून हसायचं. उपास घडला की साहेब खडसावायचे, रडू आलं की साहेब खाकरायचे. मला ते खाकरणं खरोखर ऐकू यायचं, आणि मी ताठ बसायचो.

हुकूम मी दिला तो असा. खडकावर पडताना नकाशाचा उजवा हात कोपराखाली मोडला होता आणि तसाच सुजून काळानिळा झालेला होता. त्यांच्या डॉक्टरला दया आली असावी. तो म्हणाला, भूल देऊन हाड बसवतो. नकाशा मोरीपाशी येऊन म्हणाला, "भुलीत मी बडबडलो तर? मला झोपेत बोलायची खोड आहे." मी विचार केला. त्याच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत होतं: प्रत्येक वाट, प्रत्येक धावपट्टी, आणि आपली कितीतरी पोरं अजून रोज उडत होती. मी त्याला सांगितलं, "साहेबांचा हुकूम आहे. सुई घ्यायची नाही. साहेब स्वतः परवानगी देतील तोवर नाही." तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी त्याचं हाड तसंच, शुद्धीत असताना बसवलं. मी भिंतीला कान लावून सगळं ऐकलं. हात वाकडाच जुळला, आजही तो पेला उचलताना कोपर लांब काढतो. मला त्या हुकुमाचा पस्तावा नाही, कधी झालाही नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा तेच सांगेन आणि तो पुन्हा 'बरं'च म्हणेल.

सुटून आल्यावर साहेब मागेच राहतील असं मला वाटलं होतं. पण कसचं काय. आपल्या लोकांनी विचारलं तेव्हा आम्ही एवढंच म्हणालो की आम्ही त्यांना सगळं खोटं सांगितलं. साहेबांचं नाव दोघांनीही काढलं नाही, आणि तसं आपसात ठरलेलंही नव्हतं. नंतर मी प्रवासी विमानं चालवली, मग नवीन पोरांना शिकवलं. शिकवताना कधीतरी तोंडातून निघून गेलं, "आमचे साहेब म्हणायचे, ढगाशी हुज्जत घालू नये." पोरांना ते आवडलं. आज त्या प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर ते वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेलं आहे. माझी बायको तर साहेबांची भक्तच. माझं काही बिघडलं की म्हणते, "साहेब असते तर तुमची चांगली खरडपट्टी काढली असती." मीही मान डोलावतो. एकटा असताना, मोठा निर्णय असला की मी अजून साहेबांना विचारतो. घर विकायचं होतं तेव्हा विचारलं, मुलगा दूर गेला तेव्हा विचारलं. ते खाकरतात आणि मग मला काय करायचं ते कळतं. याला कुणी वेड म्हणेल, म्हणोत बापडे. नकाशाचं मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत निराळं झालं. ज्याने अंधारात मला कधी वाट चुकू दिली नाही त्याच्या डोक्यातले दिवस एकमेकांत मिसळायला लागले. चांगला असला की माझी चेष्टा करतो, नाहीतर मुलीला विचारतो, पहारा बदलला का. भेटायला जातो तेव्हा दारातच अंदाज घ्यावा लागतो की आज तो कुठे आहे.

आज तो कुठे होता हे मला मजल्यावर पाऊल टाकताच कळलं. एक थोराड सिस्टर त्याच्या खोलीच्या दाराशी उभी होती, तिच्या हातात औषधांचा ट्रे आणि चेहऱ्यावर हरल्याचे भाव. "तुम्हीच का ते साहेब?" तिने आशेने विचारलं. मी म्हणालो, साहेबांचा माणूस. मोठे डॉक्टर बाहेर आले, तरुण होते आणि वाईट नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं: मुलीने सही दिली आहे, पण रुग्ण असा झटापट करतो आहे की भुलीआधीच त्याचं हृदय दगा देईल. संध्याकाळच्या आत काय ते करू. नाहीतर मनगटं खाटेला बांधावी लागतील. "आमच्याकडे मऊ पट्टे असतात," ते म्हणाले. मी म्हणालो, "डॉक्टर, त्याच्या मनगटाला पट्टा लावलात तर तुम्ही त्याला जिथे पोचवाल तिथून तुमचं कुठलंही ऑपरेशन त्याला परत आणणार नाही. मला पाच मिनिटं द्या." खरं म्हणजे मला दोनच लागतील असं वाटत होतं. आत जायचं, साहेबांचा निरोप सांगायचा, त्याने 'बरं' म्हणायचं. जिन्यात मी साहेबांना विचारलंही होतं आणि ते खाकरले होते. निरोपाची वाक्यंसुद्धा ठरली होती.

खोलीत पडदा अर्धा ओढलेला होता. नकाशा उताणा, पांढरी दाढी वर काढून, छताकडे बघत होता. वेदनेने ओठांच्या कडा निळसर झालेल्या. दोन्ही हात त्याने चादरीखाली घट्ट दाबून धरले होते, सुईला जागा मिळू नये म्हणून. मुलगी पायाशी उभी होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "साहेबांना भेटून आलो. साहेबांनी परवानगी दिली आहे. सुई घ्यायची."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आधी खुशीने पाहिलं असं मला वाटलं. "साहेब भेटले?" तो म्हणाला.

"आत्ताच."

"कसे आहेत साहेब?"

"उत्तम आहेत. तुझी फार आठवण काढतात."

"वा," नकाशा म्हणाला. "ऐकून बरं वाटलं. आणि बाई?"

"बाईही मजेत."

"वा, वा. उभे का? बसा ना." मी बसलेलोच होतो. "आपण बराच प्रवास करून आलेले दिसता. दमला असाल." आणि मग त्याने चेहरा भिंतीकडे फिरवला आणि स्वच्छ, एकसुरी आवाजात नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, क्रमांक सांगितला. थांबला. पुन्हा नाव, हुद्दा, क्रमांक. मुलगी माझ्याकडे बघू लागली. "काका, ते तुम्हाला 'आपण' का म्हणताहेत?" तिने विचारलं. जन्मात त्याने मला तू आणि गाढवा याखेरीज हाक मारलेली नव्हती.

मला ते 'बसा ना' ठाऊक होतं. अगदी याच सुरात मी ते ऐकलं होतं, मोरीच्या भोकातून. एकदा त्यांनी नकाशाच्या कोठडीत एक जखमी माणूस आणून टाकला होता. आमचीच भाषा, आमच्याच शिव्या, डोक्याला रक्ताळलेली पट्टी. विमान पडलं म्हणाला. तो रात्रंदिवस कण्हायचा आणि मधून मधून नकाशाला काहीबाही विचारायचा. मग एका दुपारी नकाशानेच सहज विचारलं, साहेब कसे आहेत? आणि तो माणूस म्हणाला, उत्तम आहेत, परवाच भेटले, तुमची फार आठवण काढतात. चष्मेवाल्याने त्याला साहेबांबद्दल सगळं पढवून पाठवलं होतं. नाक, गुडघा, गाणं, काही म्हणून सोडलं नव्हतं. बिचाऱ्याला एवढंच माहीत नव्हतं की साहेब नाहीत. नकाशा म्हणाला, वा, बरं वाटलं, बसा ना. त्यानंतर तो माणूस तिथे असेपर्यंत नकाशाच्या तोंडून नाव, हुद्दा, क्रमांक यापलीकडे अक्षर निघालं नाही. आणि आज मी, साहेबांचा जन्मदाता, त्या भाडोत्री माणसाचीच वाक्यं शब्दाशब्दाने म्हणून बसलो होतो. अहाहा, काय हुशारी! पुन्हा एवढ्या खात्रीने! मला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी नकाशाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. सगळं विसरलेला हा माणूस पहारा विसरला नव्हता. ज्याचा साहेबांवर विश्वास आहे तो शत्रू, हे त्याला अजून कळत होतं.

म्हणजे करायचं काय तेही उघड होतं. पण ते मी कधीच बोललो नव्हतो. बायकोशी नाही, मुलाशी नाही, स्वतःशीसुद्धा शब्दांत नाही. जिन्यात थोड्या वेळापूर्वी जो माणूस माझ्यासाठी खाकरला त्याला आता माझ्याच तोंडाने नाहीसा करायचा होता, आणि समोर ही पोर उभी होती, जी सकाळपासून त्याचा नंबर शोधत होती. मी मनात साहेबांना विचारलं. काही ऐकू आलं नाही. भिंतीकडे तोंड केलेला नकाशा पुटपुटत होता, क्रमांकाचे शेवटचे आकडे म्हणताना त्याला धाप लागत होती. बाहेर सिस्टरच्या ट्रेमध्ये काहीतरी खणखणलं आणि चादरीखाली त्याचे हात आणखी आवळले गेले. मी चप्पल काढली, खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेलो, भिंत आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यांवर बसलो आणि त्याच्या कानाला जवळजवळ तोंड लावलं.

"साहेब नाहीत," मी म्हणालो. "कधीच नव्हते. आपण बनवले. नाक माझ्या बापाचं आहे, आवाज आमच्या मास्तरांचा. बायको तू लावून दिलीस, गुडघाही तूच दुखवलास. साहेब नावाचा कुणी माणूस नाही रे."

पुटपुटणं थांबलं. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते, पाणावलेले, लाल, आणि ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत फिरत होते. मग ते स्थिर झाले.

"हळू बोल, गाढवा," नकाशा कुजबुजला. "ऐकेल कुणीतरी."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं तर चेहऱ्याचं काय होतं कोण जाणे.

"कुणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

"मार पडला तेव्हा?"

"नाही."

"बायकोला?"

"तिला तर नाहीच."

"मला वाटलं होतं तू फुटशील," तो म्हणाला. "तुला बोलायची फार हौस." त्याने डोळे मिटून वेदनेची कळ जाऊ दिली. मग डोळे उघडून, अगदी नीट, हिशेबाने विचारावं तसं म्हणाला, "मग सुईचा तो हुकूम कुणाचा होता?"

"माझा."

"तुझा एकट्याचा?"

"माझा एकट्याचा. विमान माझं होतं."

"मग तूच काढ तो."

"काढला," मी म्हणालो. "घे सुई. आणि बडबडलास तर खुशाल बडबड. मी दाराबाहेर बसतोय, आत दुसरं कुणी येणार नाही."

त्याने थोडा विचार केला. मग चादरीखालून उजवा हात बाहेर काढला, तो वाकडा, आणि कोपर लांब काढून सिस्टरच्या दिशेने धरला. "लवकर आटपा, बाई," तो म्हणाला. सिस्टर हलक्या पावलांनी आली, इतकी थोराड बाई पण तिची बोटं कापसासारखी होती. तिने शीर शोधली आणि सुई घातली. नकाशा हूं की चूं न करता माझ्याकडे बघत राहिला. पट्ट्यांची गरज पडली नाही. खाट ढकलत नेऊ लागले तेव्हा त्याने खूण करून मला खाली वाकायला लावलं. "पोरीपाशी काही बोलू नकोस," तो म्हणाला. "तिचा साहेबांवर फार जीव आहे." पोरगी खाटेचा दुसरा कठडा धरून बरोबर चालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने बापाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, साहेबांना माझा नमस्कार सांगितलाय ना काकांनी?" नकाशा म्हणाला, "सांगितलाय, सांगितलाय." दार बंद झालं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी वचन दिल्याप्रमाणे दाराला अगदी लागून बसलो, आत कुणी जाऊ लागलं की मान वर करून बघत होतो. एकदा आतून नकाशाचा आवाज आल्यासारखा वाटला. शब्द कळले नाहीत. कळले असते तरी मी सांगितले नसते. मुलगी बराच वेळ हातरुमालाची घडी घालत आणि मोडत होती. चाळिशी उलटून गेलेली बाई, शाळेत मुलांना शिकवते, घरात दोन मोठी मुलं आहेत. पण त्या बाकावर ती मला फ्रॉकमधली दिसायला लागली.

"काका," ती म्हणाली, "मी सात वर्षांची झाले तेव्हा साहेबांनी मला सायकल पाठवली होती."

"निळी," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"दुकानात मी बरोबर होतो. तो लाल घेत होता. मी म्हटलं, साहेब लाल पाठवणार नाहीत, साहेबांना लाल रंग भपकेबाज वाटतो. मग आम्ही दुकानदारासमोरच भांडलो. शेवटी तो म्हणाला, बरोबर आहे तुझं, साहेब निळीच घेतील."

ती हसली. मग हसता हसता तिचा चेहरा वाकला आणि ती रडू लागली, सकाळपासून पहिल्यांदाच, हातरुमाल तोंडावर धरून, एखादं जवळचं माणूस गेल्यावर रडतात तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू दिलं, कारण तिचं काही चुकत नव्हतं. माणूस गेलाच होता, आणि त्याच्यासाठी रडायला आमच्या दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं.